वांगी रंगाचा गोलकीपर

टक्, असं काहीतरी वाजलं आणि दुपारच्या शांततेला मधोमध तडा गेला. आवाज कपाटातून आला होता. बंद कपाटाच्या आत एखादा हँगर दांडीवरून सुटून खालच्या फळीवर पडला असावा. पण घर इतकं गप्पगार होतं की आत कुणीतरी झोपेतून उठून बसलं असावं आणि आता बाहेर यावं की नाही याचा विचार करत असावं, असं तिला वाटून गेलं. ती पलंगाच्या कडेला मुंगीला थोपटत बसली होती. मुंगी म्हणजे तिची चार वर्षांची लेक. कधीही पाहावं तर साखरेच्या डब्याजवळ सापडायची, म्हणून बापाने ठेवलेलं हे नाव आता बालवाडीतही चालतं. थोपटता थोपटता पोर झोपली आणि मग थोपटणारा हातही झोपला. ती तशीच बसून राहिली होती, सातव्या महिन्यात बसतात तशी, हात मागे टेकून, पोटाला त्याच्या मर्जीने पुढे जाऊ देत. आवाज झाला तेव्हा पोटातलंही कोणीतरी दचकलं आणि त्याने कूस बदलली. ‘काही नाही रे, शर्ट पडला,’ ती पुटपुटली. कुणाला म्हणाली, हे तिचं तिलाच नीट कळलं नाही.

संध्याकाळी सुतार येणार होता. त्या कपाटातली दांडी काढून तिथे फळ्या ठोकायच्या होत्या, बाळाच्या कपड्यांसाठी. म्हणजे त्याआधी शर्ट बाहेर यायला हवे होते, आणि शर्ट बाहेर काढायचे तर ते जाणार कुठे हे ठरायला हवं होतं. सकाळी बूट घालता घालता नवऱ्याने विचारलं होतं. भांडण नव्हतं ते. भांडण असतं तर सोपं गेलं असतं, भांडणात तिला उत्तरं भराभर सुचतात. तो आपल्या नेहमीच्या सुरात म्हणाला, यातला एकही तू कधी अंगात घातला नाहीस, कुणाला दाखवतही नाहीस. ठेवायचे तर ठेवू, बाळाचे कपडे खोक्यात राहतील, माझं काही अडत नाही. ‘पण कशासाठी ठेवतोय, एवढं मला सांग की.’ संध्याकाळी सांगते, म्हणून तिने वेळ मारून नेली. तो लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करतो. अडकलेल्या माणसांशी दाराबाहेरून शांतपणे बोलत राहायची त्याला सवय आहे. मुंगीचा पापा घेऊन, हिच्या पोटावर बोटांनी एकदा टकटक करून तो गेला. प्रश्न मात्र बूट काढून घरातच बसला.

ती उठली आणि तिने कपाट उघडलं. दांडीने मधोमध पोक काढला होता, आणि सगळे शर्ट उतारावरच्या माणसांसारखे एकमेकांच्या अंगावर रेलले होते. सगळे लांब बाह्यांचे, कोपरांना आतून जाड अस्तर लावलेले, पाठीवर बहुतेक एकचा आकडा. सगळे गोलकीपरांचे. ‘आमच्या घरातून अकरा जणांची टीम उतरवता येईल,’ नवरा पाहुण्यांना सांगायचा, ‘फक्त पुढे पळायला कुणी मिळणार नाही, सगळे गोल अडवत बसतील.’ पाहुणे हसायचे, तीही हसायची. मग कुणीतरी विचारायचं, कुठली टीम? ती म्हणायची, अशी कुठली एक नाही. विचारणारा जरा बुचकळ्यात पडायचा, कारण जे लोक शर्ट जमवतात त्यांचं काहीतरी एक असतं, एक टीम, एक खेळाडू, एखादं गाजलेलं वर्ष. हिच्या कपाटात हरलेल्या, बुडालेल्या, कुणाला नावही ठाऊक नसलेल्या क्लबांचे शर्ट होते. त्यांच्यात सारखेपणा एकच होता, आणि तो तिने कधी कुणाला सांगितला नव्हता. सगळे निळ्या आणि जांभळ्याच्या मधे कुठेतरी लोंबकळत होते. कुणी शाईकडे झुकलेला, कुणी पिकल्या जांभळाकडे, एक तर ओल्या पाटीसारखा काळपट. आणि यातला एकही तो नव्हता.

कपाटातला पहिला शर्ट तिला दवाखान्यासमोरच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात दिसला होता, लग्नाआधी. ती एक्स-रे काढते. म्हणजे काढायची, पोटात बाळ असताना त्या खोलीत जायचं नसतं म्हणून हल्ली तिला बाहेरच्या टेबलावर बसवलंय आणि ती लोकांना नुसत्या खुर्च्या दाखवते. पण एरवी तिचा सगळा दिवस काळ्या आणि पांढऱ्याच्या मधल्या गल्लीबोळांतून जायचा. श्वास घ्या, धरा, हलू नका, सोडा. एवढं दिवसभर म्हणायचं आणि मग पडद्यावर उजळलेल्या त्या राखाडी धुक्याकडे बघायचं. इथे हाड, इथे हवा, इथे काहीतरी नको ते. बरोबरीच्या मुली कंटाळायच्या, म्हणायच्या, डोळ्यांना रंग दिसेनासे होतील एक दिवस. तिला कंटाळा कधी आला नाही. राखाडी हा तिचा ओळखीचा मुलूख होता, लहानपणी तिथे राहून आल्यासारखा. त्या संध्याकाळी दुकानाच्या दारात हँगरवर हलणारा तो लांब बाह्यांचा शर्ट पाहून मात्र तिने आपण होऊन श्वास धरला. दुकानदाराने दोनदा विचारलं, काय हवंय. ती शर्ट रस्त्यावरच्या उजेडात घेऊन गेली, उलटून पाहिला, शिवणीच्या आत जिथे रंग कोरा राहतो तिथे पाहिला. नाही, तो नव्हता. त्याचा कुणी नातेवाईक असेल. तरी तिने घेतला. चुकीच्या माणसाला हाक मारल्यावर आपण ओशाळून त्याच्याशीच दोन शब्द बोलतो, तसा घेतला. मग दुसरा, मग तिसरा. दर वेळी वाटायचं, हा. दर वेळी घरी आणून दिव्याखाली धरला की तो मान हलवायचा.

तो म्हणजे लांब्याचा. लांब्याचं खरं नाव त्यांना कधी उच्चारता आलं नाही. तो जगाच्या कुठल्यातरी टोकाच्या देशाचा गोलकीपर होता, आणि रविवारी दुपारी त्यांच्या घरातल्या पेटीएवढ्या टीव्हीत तो उभा असायचा. टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. गल्लीतल्या बाकी सगळ्यांकडे तोवर रंगीत आले होते. पण बाबा म्हणायचे, रंगीत टीव्हीने डोळे जातात, आणि आई त्यावर कधी काही बोलायची नाही. गल्लीतली पोरं त्यांच्या घराला जुन्या जमान्याचं म्हणून चिडवत. दादा चिडायचा, तिला काही वाटायचं नाही. तिला त्या पेटीतला पाऊस आवडायचा, ठिपक्यांचा, आवाज करणारा, आणि त्या पावसात उभा असलेला लांब्या आवडायचा. दादाला पुढे पळणारे आवडायचे, गोल करून हात पसरून धावणारे. लांब्या कुठे जायचा नाही. कॉर्नर मिळाला की तो हात छातीवर पुसायचा आणि डावीकडचा खांब हाताने चाचपायचा, मग उजवीकडचा. दोन्ही जागेवर आहेत ना, कुणी उचलून नेले नाहीत ना, असं बघितल्यासारखं. मगच समोर पाहायचा. रात्री मुंगीच्या अंगावरचं पांघरूण आणि दाराची कडी ती अजून तशीच चाचपते. हे कुठून आलं ते तिला माहीत आहे, आणि नवऱ्याला माहीत नाही.

गल्लीत पोरं फुटबॉल खेळायची तेव्हा ती लिंबूटिंबू होती. खेळात आहे आणि नाही. तिने गोल केला तर धरायचा नाही, तिच्यावर झाला तर तोही धरायचा नाही. दादाची बहीण म्हणून तिला हाकलता येत नव्हतं, तेव्हा दोन विटांच्या मधे उभं केलं होतं, म्हणजे मधे मधे येणार नाही. ती अतिशय मन लावून उभी राहायची. डावी वीट, उजवी वीट. चेंडू आला की अंग टाकायची, गुडघे सोलून घ्यायची, आणि अडवला तरी कुणी ओरडायचं नाही, कारण धरायचाच नव्हता. घरी आल्यावर बाबा हळद लावत विचारायचे, आज किती अडवले? ती सांगायची. ते म्हणायचे, शाब्बास. बाबांची शाब्बास मात्र धरली जायची.

बाबा रंगारी होते. कापडाच्या गिरणीत रंगखात्यात. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या नखांत दिवसाचा रंग असायचा, आणि अंगाला कोमट, आंबूस वाफेचा वास. चहा व्हायच्या आधी ते दारातल्या पायरीवर बसायचे, खिशातून कापडाच्या चिंध्या काढायचे, बोटभर लांबीच्या, आणि तिला जवळ घेऊन म्हणायचे, ओळख पाहू. ती ओळखायची. लाल. हा? हिरवा. हा? विटकरी. विटकरी शब्द ती आईकडून शिकली होती, आणि तो वापरायला मिळाला की तिला फार मोठं झाल्यासारखं वाटायचं. दर उत्तराला ते शाब्बास म्हणायचे आणि चिंधीच्या कोपऱ्याला गाठ मारायचे. लालला एक, हिरव्याला दोन, विटकरीला मोठी आणि लहान अशा दोन. तिला वाटायचं, त्या तिच्या जिंकल्याच्या गाठी आहेत. एकदाही ती चुकली नाही. निदान बाबांनी एकदाही चुकलीस म्हटलं नाही. इतर मुलांचे वडील त्यांना पाढे शिकवत, आपले बाबा आपल्याला रंग शिकवतात, असं ती शाळेत सांगायची.

आणि म्हणूनच तिने तो प्रश्न बाबांना विचारला होता. मॅच चालू होती, लांब्या खांब चाचपत होता, आणि ती म्हणाली, बाबा, याचा शर्ट कुठल्या रंगाचा आहे? बाकीच्या टीमचा रंग दादाला पेपरावरून माहीत होता, पण गोलकीपरचा शर्ट वेगळा असतो, आणि त्याचा फोटो कुणी छापत नाही. दादा म्हणाला, राखाडीतून कसं कळणार, काहीतरीच काय. बाबा उठले. टीव्हीजवळ गेले, काचेवर तळहात ठेवला, जणू कापड हातात घेऊन बघतायत, आणि लांब्या त्यांच्या बोटांमधून इकडून तिकडे हलत राहिला. निळा, ते म्हणाले. गडद निळा. त्यांच्या आवाजात असा विश्वास होता की दादासुद्धा गप्प झाला. तिने पुढे आयुष्यभर राखाडीत रंग आणि हाडं आणि माणसं शोधली, त्याची सुरुवात त्या हातापासून झाली असावी.

दोन-तीन दिवसांनी बाबा पिशवीतून तो शर्ट घेऊन आले. दादाचा जुना लांब बाह्यांचा पांढरा शर्ट, पाळी संपल्यावर उरलेल्या रंगात बुचकळून काढलेला, अजून ओलसर. ‘हा घे, निळा,’ ते म्हणाले आणि उलगडून धरला. त्या क्षणाचं चित्र तिच्याजवळ अगदी स्वच्छ आहे, कुणीतरी आत्ताच पुसून ठेवल्यासारखं. शर्ट निळा नव्हता. वांग्याच्या सालीसारखा होता, काळसर, तुकतुकीत, आत कुठेतरी लाल दडलेला. तो इतका सुंदर होता की तिला निळ्याची आठवणही राहिली नाही. दादाने हसायला तोंड उघडलं, आणि आई स्वयंपाकघराच्या दारातून एकदम म्हणाली, जा रे, पाणी भरून ठेव आधी. मग पदराला हात पुसत पुढे आली, शर्ट हातात घेतला आणि म्हणाली, याला वांगी म्हणतात, निळ्यातलाच प्रकार. मी पेपरात पाहिलाय त्या माणसाचा फोटो, असाच होता अगदी. बाबा क्षणभर आईकडे पाहत राहिले. मग म्हणाले, तेच म्हणतोय मी. वांगी. त्यानंतर ते नेहमी वांगीच म्हणत, जरा मोठ्याने.

तिने तो घातला तेव्हा बाह्या गुडघ्यापर्यंत आल्या. विटांच्या मधे ती तो घालून उभी राहिली तेव्हा एका पोराने तिला सलाम ठोकला, चेष्टेनेच, पण ठोकला. रंग मात्र कच्चा निघाला. पहिल्या धुण्यात बादलीभर जांभळं पाणी झालं आणि दादाचे बनियन जांभळे झाले. बाबा त्या बादलीकडे असे पाहत राहिले की आईने ती ताबडतोब मोरीत उपडी केली. प्रत्येक धुण्याबरोबर शर्ट फिकट होत गेला, वांगीचा जांभळा, जांभळ्याचा धुरकट, आणि शेवटी एका दुपारी दोरीवर जे वाळत होतं ते चक्क राखाडी होतं. आता खरा झाला बघ, टीव्हीतल्यासारखा, दादा म्हणाला होता. पुढे तो आखूड झाला, फाटला, आणि मॅचआधी टीव्हीची काच पुसायचं फडकं झाला. लांब्याला लांब्याच्याच शर्टाने पुसून बाबा मागे सरकून बसायचे. मग फडक्याचंही काही उरलं नाही. फार वर्षांनी, नोकरी लागल्यावर, तिला कुठेतरी लांब्याचा रंगीत फोटो दिसला, खांब चाचपताना. शर्ट हिरवागार होता. तिच्या मनात आलं, फोटोच चुकलाय.

शर्ट एकेक करून जमिनीवर उतरवताना तिला दम लागला. मुंगी तोंड उघडं टाकून झोपली होती. पलंगापासून दारापर्यंत माणसं उताणी पडल्यासारखे शर्ट पसरले होते, आणि ती त्यांच्यात पाय ठेवायला जागा शोधत होती. तेव्हा तिला दादाची आठवण झाली. त्याची दोन पोरं आहेत, घेतील तर घेतील. दादा दूरच्या शहरात शाळेत गणित शिकवतो, आणि आई आता त्याच्याकडे असते. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली.

‘बोल लिंबू,’ दादा फोनवर म्हणाला. दुसरं नाव त्याने कधी वापरलंच नाही. तिने कपाटाचं सांगितलं, सुताराचं सांगितलं. दादा म्हणाला, आमचे राजपुत्र गोलकीपरचा शर्ट फुकट मिळाला तरी अंगाला लावणार नाहीत, त्यांना फक्त गोल करणारे माहीत. मग म्हणाला, रंग कुठले आहेत, सांग तरी. ती म्हणाली, सगळे तसेच, वांगीच्या आसपासचे.

‘तू अजून ते वांगी घेऊन बसलीयेस?’

‘तुला आठवतो तो शर्ट?’

‘न आठवायला काय झालं. वर्षभर जांभळे बनियन घातलेत मी त्याच्यापायी. पण वांगी-बिंगी आईचं होतं गं. बाबांनी निळाच केला होता. त्यांच्या मते.’

‘त्यांच्या मते म्हणजे?’

दादाने कुणाला तरी टीव्हीचा आवाज कमी करायला सांगितलं. मग दार लागल्याचा आवाज आला. ‘तुला खरंच माहीत नाही? बाबांना रंग कळायचे नाहीत, लिंबू. सगळेच नाही. पण लाल-हिरवा नाहीच. जांभळा त्यांना निळा दिसायचा. मला वाटलं, आईने तुला सांगितलं असेल. आईला वाटलं असेल, मी.’

‘बाबा रंगारी होते,’ ती म्हणाली.

‘हो ना. म्हणून तर कुणाला सांगितलं नाही.’

मग तो बोलत राहिला आणि ती शर्टांच्या मधे उभी राहून ऐकत राहिली. बाजारात टोमॅटो बाबा नेहमी त्यालाच निवडायला लावायचे. रंगखात्यात एक जोडीदार होता, तो रंग हवा तसा उतरला की खोकून खूण करायचा. पुढे त्याची बदली झाली, आणि त्यानंतर काही वर्षांनी बाबांनी पाठीचं दुखणं काढलं आणि सुकवणीकडे काम मागून घेतलं, तिथे रंग ओळखावे लागत नाहीत. मुकादमाला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. दादा हसला, जरासा. मधली वर्षं तर तूच सांभाळलीस, म्हणाला. रोज संध्याकाळी, पायरीवर. तिला वाटलं, पायाखालची जमीन नव्हे, पायाखालचे शर्ट सरकतायत. तिने विचारलं, मग तुलाच का नाही विचारायचे? तू तर मोठा होतास.

‘मी बाहेर बोललो असतो,’ दादा म्हणाला. ‘तुझं काय, तू लिंबूटिंबू. तू कुठे काही बोललीस तरी धरणार कोण?’

आईला उठवू का, त्याने विचारलं. ती नको म्हणाली. फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, आणि हे बघ, घाबरवत नाहीये, पण ते रंग न कळणं माझ्याकडून पुढे जात नाही म्हणे, माझी पोरं सुटली. मुंगीलाही काही नाही. पण तुला मुलगा झाला तर... ‘माहितीये मला,’ ती म्हणाली. तिला खरंच माहीत होतं. परीक्षेसाठी पाठ केलं होतं कधीतरी, आजोबांकडून मुलीच्या वाटेने नातवाकडे. होईलच असं नाही, होणार नाही असंही नाही, नाणं उडवल्यासारखं. मुलीला स्वतःला काही नसतं. ती नुसती वाट. उत्तर बरोबर आलं होतं आणि ती पुढच्या प्रश्नाकडे वळली होती.

ती खाली बसली, शर्टांच्या मधोमध. पडदे अर्धे ओढलेले होते आणि उजेड जायला लागला होता. ओळख पाहू. तो आवाज तिला अजून कानाशी ऐकू आला, हनुवटीचे खुंट मानेला लागले. ते शिकवत नव्हते. ते विचारत होते. दिवसभर वाफेत उभा राहून आलेला एक मोठा माणूस, ज्याचं घर रंगांवर चालत होतं, पायरीवर बसून एका लहान मुलीला विचारत होता की उद्या मला काय दिसलं पाहिजे, आणि ती पाय हलवत सांगत होती, विटकरी. त्या गाठी तिच्या जिंकल्याच्या नव्हत्याच. सकाळी बोटांनी चाचपायच्या होत्या, डावा खांब, उजवा खांब, आहेत ना जागेवर. आणि त्या टीव्हीसमोर रविवारी दुपारी ते असे मोकळे बसायचे, ओरडायचे, पंचाला नावं ठेवायचे, कारण त्या पेटीसमोर सगळी माणसं त्यांच्याइतकंच बघत होती, कुणाला त्यांच्यापेक्षा जास्त काही दिसत नव्हतं. दादाने पहिल्या पगारातून रंगीत टीव्ही आणला त्यानंतर बाबा मॅचच्या वेळी बाहेर पायरीवर बसायला लागले. तेव्हा ती म्हणाली होती, बाबांचा फुटबॉल सुटला. आई तेव्हाही काही बोलली नव्हती.

खोलीत उजेड आणखी उतरला आणि शर्ट एकमेकांत मिसळू लागले. शाईचा कुठला, जांभळाचा कुठला, ओळखू येईना. तिने डोळे बारीक केले. बाबांना असं दिसत असेल का? नाही, हेही तसं नव्हतं, हे तर कुणालाही दिसतं. त्यांच्या डोळ्यांपुरता तो निळा होता, तिच्या डोळ्यांपुरता वांगी, आणि लांब्याच्या अंगावर तो हिरवागार होता. एकच शर्ट. यांतला खोटा कुठला म्हणायचा? इतकी वर्षं ती दुकानांच्या दारात उजेडाला धरून धरून जो रंग शोधत होती तो कुठल्याच संघाने कधी घातला नव्हता. तो उरलेल्या रंगाच्या हौदातून आला होता, एका माणसाने निळा म्हणून काढला होता आणि एका बाईने दारात उभ्या उभ्या त्याचं बारसं केलं होतं. पोटातल्याने पुन्हा कूस बदलली. तिने हात ठेवला, डावीकडे, मग उजवीकडे.

बेल वाजली. सुतार कानावर पेन्सिल खोचून दारात उभा होता, आत डोकावला आणि म्हणाला, ‘ताई, दुकान काढताय की बंद करताय?’

‘अजून ठरत नाहीये,’ ती म्हणाली, आणि दोघंही हसले. त्याने माप घेतलं, वाकलेल्या दांडीवर टिचकी मारली, ही टाकायची ना, म्हणाला. ती म्हणाली, टाकायची, पण नवी बसवा. खाली, इतक्या उंचीवर. आणि तिने हाताने दाखवलं ते मुंगीच्या खांद्याइतकं होतं. फळ्या वर येऊ देत. सुताराने पेन्सिल काढून पुन्हा खोचली. सगळे लोक उलटं करतात, ताई, फळ्या खाली, दांडी वर, मोठ्या माणसाच्या हाताला येईल अशी. तुम्ही म्हणाल तसं. दांडीचं सामान गाडीवर आहे, आलोच, म्हणून तो खाली गेला. नवऱ्याला काय सांगायचं ते अजून शब्दांत आलं नव्हतं, पण ते आता कुठेतरी घरातच होतं, शोधलं तर सापडेल असं.

मुंगी केव्हाच उठली होती. झोपेने गाल तांबूस झालेले, केस उभे, आणि जमिनीवरचा नेमका तो शर्ट तिने गळ्यात घातला होता, सगळ्यांत काळसर, बाबांच्या वांगीच्या सगळ्यांत जवळचा. बाह्या जमिनीवर लोळत होत्या. मोकळ्या कपाटात चढून ती दोन्ही बाजूंना हात लावून उभी राहिली, पडू नये म्हणून, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. ही कुणी शिकवलेली गोष्ट नव्हती. तिला पाहून आईने श्वास धरला आणि मग सोडला. दिवा लावला. शर्ट पुन्हा आपापल्या रंगाचे झाले.

‘ओळख पाहू,’ ती म्हणाली, ‘तू घातलेला कुठला?’

‘वांगी,’ मुंगी म्हणाली, विचार न करता. हा शब्द तिला कुणी दिला होता कुणास ठाऊक.

‘शाब्बास.’ मग ती म्हणाली, तुझ्या आजोबांना ना, हा निळा दिसायचा. मुंगीने विचारलं, चुकून? नाही, ती म्हणाली, चुकून नाही, त्यांना तसाच दिसायचा. मुंगीने मान खाली घालून आपल्या छातीवरच्या रंगाकडे बराच वेळ पाहिलं, तो बदलतोय का ते बघितल्यासारखं. मग कपाटातून उतरली, लोळती बाही गोळा केली आणि ती आईच्या पोटावर पसरून धरली, नीट, चुण्या काढून, आतल्याला दिसावी अशी. ‘बाळा, ओळख पाहू,’ ती म्हणाली. कान लावून ऐकलं. मग मान वर करून आईकडे पाहिलं.

‘आई, याला हा कुठला दिसणार?’